मिठागरातल्या पाच बाया

चैत्र संपत आला होता. मुलुंडच्या पूर्वेला, खाडीकाठच्या सातखारी आगरावर मीठ ओढायचं काम जोरात चाललं होतं. पुरुष लाकडी फळ्यांनी वाफ्यातलं मीठ कडेला ओढत होते आणि बाया पाट्या भरून ते मोठ्या राशीवर नेऊन ओतत होत्या. पाटीतून पाणी ठिबकायचं, मानेवरून पाठीत उतरायचं आणि वाळलं की कातडी ओढल्यासारखी व्हायची. धर्मीच्या टाचांना भेगा होत्या. त्यांत मीठ गेलं की ती पाय जरा तिरपा टाकायची. आता ती सवयच झाली होती.

धर्मी पन्नाशीच्या आसपासची. नवरा काशीराम पुढच्या वाफ्यात फळी ओढत होता, मुलगा लवू त्याच्या पलीकडे. सून विमला तिच्यामागून पाटी घेऊन येत होती. विमलाला पाचवा महिना लागला होता. तिची पाटी धर्मी अर्धीच भरू द्यायची आणि मुकादम बघतोय का इकडे लक्ष ठेवायची.

दहाच्या सुमाराला बांधावरून एक बाई येताना दिसली. पांढरं पातळ, डोक्यावर काळी छत्री, काखेत वही. बांध निसरडा होता. बाई दोनदा घसरली, तरी छत्री सोडली नाही.

"कोन गो ही?" विमला म्हणाली.

"शाळंतली मास्तरीन दिसतं. चल, खोटी नको होऊस."

बाई राशीजवळ येऊन थांबली. मुलुंडच्या मुलींच्या शाळेत ती शिकवत होती, कुंदा कर्णिक नाव. स्वातंत्र्याला दहा वर्षं होणार म्हणून वाचनालयातर्फे एक ग्रंथ निघतोय, आपल्या भागातल्या लोकांनी लढ्यात काय काय केलं त्याचा, असं तिनं सांगितलं. वाचनालयाची चिटणीस म्हणून बायांचं प्रकरण तिच्याकडे दिलं होतं.

"तीस साली या आगरावर सत्याग्रही आले होते," ती म्हणाली. "छावणीतल्या एकाची जुनी रोजनिशी मला मिळालीय. त्यात एक ओळ आहे. वाचून दाखवू?"

कुणी हो म्हटलं नाही. तिनं वही उघडून वाचलं, "मिठागरातल्या पाच बायांनी पाट्या भरून मीठ बाहेर आणून दिले. दुसऱ्या दिवशी शिपायांनी त्यांना नेले व फार मारले. नावे कळली नाहीत."

बायांनी एकमेकींकडे बघितलं नाही. धर्मीनं पाटी ओतली, रिकामी पाटी काखेत घेतली.

"त्या पाच जणी कोण होत्या, माहीत आहे का तुमच्यापैकी कुणाला?"

"सत्तावीस वर्सं झाली," धर्मी म्हणाली. "कोन कुठं, कोन कुठं. आमाला नाय म्हाईत."

ती वळून वाफ्याकडे चालू लागली. पुढच्या वाफ्यात काशीरामची फळी थांबलेली होती. तो वाकलेलाच होता, पण मीठ ओढत नव्हता.

अण्णा मुकादम मांडवाखालून हे बघत होता. बाई गेल्यावर तो उठला, बांधावरून सावकाश चालत आला.

"काय इचारत व्हती?"

"कायतरी जुनं," धर्मी म्हणाली.

"जुनं जुन्यापाशी ऱ्हाऊ दे." अण्णा हसला. "त्या पुस्तकाचा कागद आपलं मालक चंद्रप्रकाश शेठच देतान. शेठच्या बापसानं सत्याग्रहवाल्यांना आगराची वाट मोकली करून दिली, असं छापून येनार हाय. शेठनं सोता सांगितलंय मना."

धर्मीचं तोंड उघडलं आणि मिटलं. शेठच्या बापानंच त्या वेळी मीठ लोकांच्या हाती लागू नये म्हणून बायांना ते पायांनी चिखलात तुडवायला लावलं होतं. ती स्वतः तुडवत होती.

दुपारी झोपडीत भाकरी खाताना लवूनं विषय काढला.

"आये, त्या पाचातली एक तू हायस. मना ठाव हाय. बारकी आत्या त्यातच मेली."

"कोनी सांगितलं तुला?"

"गावात सगलं बोलतान. पन तू त्या बाईला कायएक सांगू नको. पावसाआधी अण्णा झोपड्यांची यादी करनार हाय. कोन ऱ्हानार, कोन जानार. शेठची जमीन हाय ही. विमला अशी हाय. कुठं जायाचं आपन?"

"मी काय बोल्ली का?"

"नाय बोल्लीस, तसंच ऱ्हा."

काशीराम खाली बघून भाकरी चावत होता. त्याचे दात राहिले नव्हते, एकेका घासाला वेळ लागायचा. तो उठला, हात धुतले आणि कुणाशी न बोलता बाहेर जाऊन उन्हात बसला.

दुसऱ्या दिवशी अण्णानं धर्मीची पाटी अडवली. तिच्यामागे विमला होती, तिच्यामागे आणखी सात-आठ बाया.

"भरलेली नाय ही."

"भरलेली हाय. बघ ना."

"वरती ढीग नाय. ओत खाली आनि परत भरून आन."

"अण्णा, इथवर आनलीय. राशीवर टाकतं, पुढची वरती ढीग लावून आनीन."

"बोललो ना? खाली ओत. इथंच. बांधावर."

बांधावर चिखल होता. तिथे मीठ ओतायचं म्हणजे ते वाया घालवायचं. धर्मी उभी राहिली. मागच्या बायांच्या मानांवरून पाणी ठिबकत होतं, ओझं घेऊन थांबणं चालण्यापेक्षा वाईट. तिनं पाटी उलटी केली. पांढरं मीठ काळ्या चिखलात पडलं.

"आता पायानं सारखं कर," अण्णा म्हणाला. "येनाऱ्याजानाऱ्याला अडचन नको."

धर्मीनं त्याच्याकडे बघितलं. अण्णा तेव्हा लहान होता, चड्डी न घालता आगरावर फिरायचा. त्याला काही आठवत असेल असं तिला वाटलं नाही. तिनं पायानं मीठ चिखलात दाबलं. एकदा, दोनदा. भेगांत आग उठली. मग ती थांबली, रिकामी पाटी बांधावर टाकली आणि स्टेशनच्या बाजूला चालू लागली.

"आये!" लवू वाफ्यातून ओरडला.

ती थांबली नाही. मुलींच्या शाळेपर्यंत ती तशीच ओल्या लुगड्यानं गेली. व्हरांड्यात उभी राहिली. शिपाई हाकलायला आला तेव्हा म्हणाली, "कुंदाबाईला सांग, मिठागरातली धर्मी आयलीय."

कुंदा वर्ग सोडून बाहेर आली.

"लिव," धर्मी म्हणाली. "एक मी. एक माझी ननद, बारकी. एक पदी. एक सुंदरी, ती रांडाव व्हती, मागल्या तापाच्या साथीत गेली. आनि एक वसईवाली."

"तिचं नाव?"

"वसईवालीच बोलायचो. एकाच हंगामाला आयली व्हती."

शाळेच्या मागच्या ओट्यावर बसून तिनं सांगितलं. सत्याग्रही भर उन्हात दोन दिवस बांधाबाहेर बसले होते, शिपाई त्यांना पाणी घेऊन देत नव्हते. त्यांतला एक म्हातारा तिथेच आडवा झाला. मालकानं मीठ तुडवायला सांगितलं. तुडवता तुडवता बारकी म्हणाली, पायानं तुडवायचं ते डोक्यावरून बाहेर नेलं तर काय होईल? आणि तिनं पाटी भरली. तिच्यामागून चौघी. शिपायांना वाटलं, कामाच्याच बाया आहेत, नेहमीसारख्या राशीवर चालल्यात. त्या सरळ बांध ओलांडून गेल्या आणि त्या लोकांच्या पुढ्यात पाट्या ओतल्या.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"सकाली शिपाई पाड्यात आले. आमच्या नावानं हाका मारल्या. एकेकीचं नाव घेऊन. लारीत घातलं. जेलात नाय नेलं, बाई. भिवंडीच्या वाटंवर रानात नेऊन मारलं नि तिथंच टाकलं. जेलात नेलं असतं तर नाव तरी लागलं असतं. बारकीच्या पोटात काठी बसली. चालत आनली आमी तिला, दोन दिवस. घरी नऊ दिवस काढले तिनं."

कुंदाचं लिहिणं थांबलं. मग तिनं विचारलं, "तुमची नावं शिपायांना कोणी सांगितली?"

"पदीनं, असं बोलतान. ती मार खाऊन आयली नि चार दिवसांत पाडा सोडून गेली. परत तोंड दाखवलं नाय."

"पदीबाई आहेत?"

"आरेला हाय. म्हशींच्या गोठ्यात शेन काढतं."

रविवारी दोघी आरेला गेल्या. पवईच्या तळ्यापाशी बस सोडावी लागली, पुढे झाडीतला रस्ता चालत. धर्मीला आगरावर कामावर घेतलं नव्हतं. अण्णानं नुसतं "आज नको" म्हटलं होतं, आणि दुसऱ्या दिवशीही तेच. लवू दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता. घरातून निघताना काशीरामनं विचारलं, "कुठं?" तिनं पदीचं नाव घेतलं. तो उंबऱ्यावर बसला होता तो उठून उभा राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण त्यानं नुसतं दाराच्या चौकटीला धरलं.

गोठ्यांची लांबच लांब रांग होती. म्हशी रवंथ करत होत्या. पदी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन बाहेर येत होती. धर्मीपेक्षा तीन-चार वर्षांनी मोठी, एका डोळ्यात फूल पडलेलं. तिनं धर्मीला चालण्यावरून ओळखलं.

"पाय अजून तिरपाच टाकतंस," ती म्हणाली. पाटी खाली ठेवली नाही.

"पदी, ही बाई लिवून घेतं. तेव्हाचं."

"लिवू दे. मना काय."

"पाटी ठेव. बस."

पदीनं पाटी ठेवली. पण बसली नाही. कुंदानं विचारलं तसं तिनं सांगितलं. काही गोष्टी धर्मीच्या सांगण्याशी जुळल्या, काही जुळल्या नाहीत. पदी म्हणाली, पहिली पाटी बारकीनं नाही, वसईवालीनं उचलली. धर्मी म्हणाली, बारकीनंच. दोघींचा आवाज चढला. कुंदानं दोन्ही लिहून घेतलं.

"दोन्ही कशी लिवतंस?" धर्मी म्हणाली. "एक खोटी आसल ना?"

"असेल. पण कुठली, ते मी ठरवायचं नाही."

मग धर्मीनं पदीकडे वळून विचारलं. ती हे विचारायलाच आली होती.

"नावं तूच सांगितलीस ना?"

पदी तिच्याकडे बघत राहिली. चांगला डोळा एकदम मोठा झाला.

"तुला ठाव नाय?"

"काय?"

"मना वाटलं तुला ठाव हाय, म्हनून तू कधी आयली नाय. म्हनून मीबी नाय आयली." पदी खाली बसली. शेणाचे हात मांडीवर ठेवले. "तुझ्या घोवानं सांगितली. मी खाडीच्या पान्याच्या उघाडीजवल व्हती, झाडामागं. तेव्हाचा मुकादम नि जमादार त्याला धरून उभे व्हते. त्यानं बोटं मोजून पाच नावं सांगितली. पयलं तुझं."

एक म्हैस मोठ्यानं ओरडली, तिच्यामागून बाकीच्या. कुंदानं पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

"मिटू नको," धर्मी म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "ती सांगतं ते लिव."

परत येताना पवईला बसची वाट बघताना कुंदानं तिला शेंगदाण्यांची पुडी दिली. धर्मीनं ती हातात धरून ठेवली आणि मुलुंडला उतरताना तशीच परत दिली.

काशीराम खाडीच्या बाजूचा फुटलेला बांध चिखलानं लिंपत होता. ऊन कलत आलं होतं. धर्मी लुगड्याचा काचा मारून खाली उतरली, त्याच्याशेजारी चिखल उचलून द्यायला लागली. एक गोळा, दुसरा गोळा. तो लिंपत होता. बराच वेळ असं चाललं.

"पदी भेटली," ती म्हणाली.

त्याचे हात चालू राहिले.

"तिनं झाडामागून ऐकलं व्हतं."

त्याचे हात चिखलातच थांबले.

"खरं हाय?" ती म्हणाली. एरवी ती त्याला तुमी म्हणायची. "बोल तू. खरं हाय?"

"खरं हाय."

तो खाली बघून बोलू लागला. सलग नाही. मधेमधे थांबत होता, धाप लागत होती.

"मी उघाडीवर कामाला व्हतो. खाडीचं पानी आत घ्यायचं, बंद करायचं. माझ्या म्होरून तुमी गेल्या. मी बघितलं, जमादाराला ठाव व्हतं की मी बघितलं. बोल्ला, पाच गेल्या, पाच नावं दे. नाय दिलीस तर पाड्यातल्या सगल्या बाया लारीत घालतो. पंधरा बाया व्हत्या. दोन बालंतीन व्हत्या."

"मग?"

"दुसऱ्याच्या घरातली कशी देऊ? पयलं तुझं नाव दिलं. मग बारकीचं. आपल्या घरातल्या दोन दिल्या, मग बाकीच्या तिघींसाठी तोंड उघडलं. सुंदरीला घोव नव्हता. पदीला पोर नव्हतं. वसईवालीचं इथं कोन नव्हतं."

"इचारनारं कोन नव्हतं त्यांना."

"व्हय."

"पन मना व्हतं ना पोर. लवू अंगावर पीत व्हता. तीन दिवस त्याला दूध नाय."

"तू माझी व्हतीस," काशीराम म्हणाला. जणू तेवढंच त्याच्याकडे सांगायला होतं.

धर्मीनं हातातला चिखल बांधावर आपटला. तो त्याच्या छातीवर, तोंडावर उडाला. त्यानं पुसला नाही.

"नऊ दिवस बारकी त्या खाटंवर व्हती," ती म्हणाली. "तू तिच्या डोक्याला पानी लावीत व्हतास. तिनं इचारलं तुला, दादा, आमची नावं कोनी रं सांगितली? मी तिथं बसलेली. तू बोल्लास, झोप. नि मी सत्तावीस वर्सं पदीला शिव्या दिल्या."

काशीराम रडला नाही. त्यानं बांधाची भेग बोटांनी चाचपली, आणखी चिखल हवा होता तिथे. थोड्या वेळानं म्हणाला, "बाईला सांगनार तू?"

"सांगनार."

"लवूला ठाव नाय."

"आता व्हईल."

ती वर चढून निघून गेली. भेग अर्धी राहिली होती. तो एकटाच ती अंधार पडेपर्यंत लिंपत बसला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत समिती बसली होती. अध्यक्ष श्यामसुंदरराव वकिलीतून निवृत्त झालेले, हळू आणि नीट बोलणारे. दोन वेळा स्वतः जेलात जाऊन आलेले. कुंदानं लिहून आणलेली पानं त्यांनी पूर्ण वाचली. मग चष्मा काढला.

"कुंदाताई, आपला नियम आहे. ज्यांची जेलच्या नोंदीत नावं आहेत, तेच घ्यायचे. नाहीतर उद्या कोणीही येऊन सांगेल मी होतो, मी होते."

"यांना जेलात नेलंच नाही. रानात सोडलं. नोंद कुठून असणार?"

"मग पुरावा काय?"

धर्मी दाराशी जमिनीवर बसली होती. शेजारी पदी. कुंदानं दोघींसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, त्या रिकाम्या होत्या. धर्मी उठली, पाठ वळवून लुगडं खांद्यावरून खाली घेतलं. डाव्या खांद्यापासून कमरेपर्यंत एक जाड वळ होता, कातडी तिथे वेगळ्या रंगाची आणि गुळगुळीत. समितीतल्या एकानं मान फिरवली. धर्मीनं लुगडं सारखं केलं.

"हे दुसऱ्या कशानंही झालेलं असू शकतं, बाई," श्यामसुंदरराव हळू आवाजात म्हणाले. त्यांना ते बोलवत नव्हतं, पण ते बोलले. "आणि मालकांनी मीठ तुडवायला लावलं, असं तुम्ही म्हणता. चंद्रप्रकाश शेठ वेगळं सांगतात. तुमची नावं पोलिसांना दिली कोणी, ते तरी सांगता येईल?"

"माझ्या दादल्यानं."

श्यामसुंदररावांनी चष्मा पुन्हा घातला.

"त्यांचं नाव?"

धर्मीचे ओठ हलले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. तिनं ते नाव कधी घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, जनगणनेच्या माणसासमोर, दर वेळी दुसऱ्या कुणीतरी तिच्याऐवजी सांगितलं होतं. आताही पदी पुढे सरकली. धर्मीनं तिला हातानं मागे केलं.

"काशीराम," ती म्हणाली. "काशीराम नारायन भोईर."

मग तिनं श्वास घेतला. "आता सांग, साहेब. खोटं सांगायचं असतं तर मी हे कशाला सांगितलं असतं?"

श्यामसुंदररावांनी पानांचा कोपरा सरळ केला. "मला तुमचं खरं वाटतं," ते म्हणाले. "पण ग्रंथात हे येणार नाही. मी ते आणू शकणार नाही. हे मी तुमच्या तोंडावर सांगतोय."

"मग ही पानं?" कुंदानं विचारलं. तिचा चेहरा लाल झाला होता.

"ती ग्रंथाची नाहीत. वाचनालयाच्या कपाटात काय ठेवायचं, ते समिती नाही ठरवत. चिटणीस तुम्हीच आहात." त्यांनी पानं तिच्याकडे सरकवली आणि तिच्या नजरेला नजर न देता पुढचा विषय घेतला.

आठ दिवसांत अण्णानं झोपड्यांची यादी केली. भोईरांचं घर त्यात नव्हतं. लवूनं छपराचे पत्रे स्वतः उतरवले, कुणाला हात लावू दिला नाही. एक पत्रा निसटून त्याच्या मनगटाला लागला, रक्त आलं. विमला फडकं घेऊन धावली तर त्यानं झिडकारलं.

"झालं समाधान?" तो आईला म्हणाला. "नाव लागलं का तुझं? कुठं लागलं? आनि माझ्या बापसाचं काय केलंस तू?"

"जे त्यानं केलं तेच सांगितलं."

"त्यानं केलं म्हनून मी जगलो नसेन कशावरनं?"

धर्मीनं चुलीचे तीन दगड उचलून टोपलीत घातले.

पदीच्या ओळखीनं ती माणसं आरेला आली. गोठ्यामागच्या टेकाडावर जागा मिळाली. लवूला गवत कापायचं काम मिळालं, धर्मीला शेणाचं. काशीरामला कामावर कुणी घेतलं नाही. तो घरी बसून दोऱ्या वळायचा. धर्मी त्याला भाकरी वाढायची, आजारी असला तर छाती शेकायची. त्याच्याशी लागेल तेवढंच बोलायची. लवू बापाशी पूर्वीसारखाच बोलायचा, किंवा तसं दाखवायचा. त्याचं आईशी बोलणं मात्र विमलामार्फत चालायचं.

श्रावणात एका दुपारी कुंदा आली. चिखलानं तिच्या पातळाचे काठ काळे झाले होते. तिनं पिशवीतून जाडजूड ग्रंथ काढला. बायांचं प्रकरण पाच पानांचं होतं. डॉक्टरांच्या पत्नी, वकिलांच्या पत्नी, दोन शिक्षिका. चंद्रप्रकाश शेठच्या वडिलांचा फोटो पहिल्याच पानांत होता.

धर्मीनं पानं उलटली, चित्रं बघितली, ग्रंथ परत दिला. "बरं हाय कागद," ती म्हणाली.

"मी छापायला नको सांगितलं," कुंदा म्हणाली. "माझं नाव. प्रकरण मी लिहिलं, पण नाव घालू नका म्हटलं." मग तिनं एक वही काढली, कापडी पुठ्ठ्याची. "ही अशी एक वाचनालयाच्या कपाटात आहे. दाखल करून, नंबर घालून. तुमचं, पदीबाईंचं, जसं सांगितलं तसं. सुंदरीबाईंच्या भाचीला कुर्ल्याला जाऊन भेटले, तिचंही आहे. वसईला दोनदा गेले. नाव मिळालं नाही."

"मग काय लिवलंस?"

"वसईवाली, एवढंच. पुढे एक ओळ कोरी ठेवलीय."

धर्मीनं वहीवरून हात फिरवला. "कपाटाला कुलूप हाय?"

"आहे."

"चावी कोनाकडं?"

"माझ्याकडे."

"तू मेल्यावर?"

कुंदा हसायला गेली, पण हसली नाही. "म्हणून ही दुसरी. हाताने उतरवून काढली. ही तुमच्याकडे ठेवा."

"आमच्यात कोन वाचनार?"

"मी दुसरीपरेंत गेलीय," विमला कोपऱ्यातून म्हणाली. तिला आता उठबस जड जात होती. "जोडाक्षरं नाय येत सगली."

"वाच," धर्मी म्हणाली.

विमलानं वही मांडीवर घेतली. बोट अक्षराखाली ठेवून ती वाचू लागली. धर्मीचं नाव आलं, बारकीचं आलं. पदी ओसरीवर येऊन बसली. लवू गवताचा भारा बाहेर टाकून दारात उभा राहिला, आत आला नाही. आतल्या बाजूला काशीराम दोरी वळत होता. विमला अडखळत, मागे जाऊन पुन्हा वाचत, पाट्या बांधापलीकडे नेल्या तिथपर्यंत आली. शिपाई सकाळी पाड्यात आले, तिथपर्यंत आली.

"आमची नावे शिपायांना," ती वाचत होती, "आमची नावे शिपायांना सां-गितली ती..."

तिचं बोट थांबलं. पुढचं नाव तिला नीट दिसत होतं. त्यात एकही जोडाक्षर नव्हतं. सासऱ्याचं नाव सुनेनं कसं घ्यायचं? तिनं धर्मीकडे बघितलं, मग दाराकडे. लवूनं मान फिरवली होती.

दोरीचा सळसळ आवाज बंद झाला.

"घे," काशीराम आतून म्हणाला. "घे नाव. थांबू नको."

विमलानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि वाचलं.